छोट्याच्या नोकरीबद्दल

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल फोनवर बाबांचा आवाज चढला आणि मी गप्प बसले. म्हणून आज लिहितेय.

छोट्याने मेडिकलमधली नोकरी सोडावी आणि हिंजवडीच्या कंपनीत तीन महिने बिनपगारी इंटर्नशिप करावी, असं तुमचं म्हणणं. खर्चाचे महिना दहा हजार आपण पाठवू, म्हणालात. बाबा, ते तुमच्या पेन्शनमधून जाणार. म्हणजे काम कंपनीचं होणार आणि त्याचा पगार कराडहून तुम्ही भरणार.

माझ्या वेळीही हेच झालं होतं. अंधेरीच्या ऑफिसात दोन महिने मी काय केलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. जुनी बिलं एक्सेलमध्ये भरली, झेरॉक्स काढल्या. आई, माझ्या कॉट बेसिसच्या, म्हणजे खोलीतल्या एका कॉटच्या, भाड्यासाठी तू भिशीचा नंबर आधी उचललास, हे मला नंतर मावशीकडून कळलं. माझ्यासोबत बुलढाण्याची एक मुलगी होती, हिशेबात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. तिला खोलीचं भाडं झेपेना, तिसऱ्या आठवड्यात ती गावी परत गेली. ज्यांची घरं मुंबईतच होती ते शेवटपर्यंत टिकले. त्या प्रमाणपत्राचा मला पहिल्या मुलाखतीत उपयोग झाला, हे खरं आहे. पण तिला ते मिळालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

छोट्या दुकानात नुसत्या गोळ्या मोजत नाही. मुदत संपत आलेला माल वेगळा काढून परत पाठवणं, डिस्ट्रिब्युटरची क्रेडिट नोट, म्हणजे त्या मालाचे पैसे वळते केल्याची चिठ्ठी, आली का बघणं, जीएसटीची बिलं जुळवणं, हे सगळं मालक त्याच्यावर सोपवतात. बी.कॉम.च्या मुलाने आणखी काय शिकायचं?

राहिला डिग्रीचा प्रश्न. नव्या शैक्षणिक धोरणात शेवटच्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग आहे, चार क्रेडिटचं. तास होतात 120. ते जवळच्या एखाद्या ऑफिसात सकाळच्या वेळात बसवता येतील, संध्याकाळचं दुकान सुटणार नाही. त्याला कॉलेजात विचारायला सांगितलंय. बाबा, तुम्ही पाठवलेलं पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचं कात्रण वाचलं. 2024 साली ती योजना सुरू झाली तेव्हा महिना 5000 रुपये मिळायचे, पण पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांना ती लागू नव्हती. डिग्री झाल्यावर अर्ज करेल.

आता जे काल बोलता आलं नाही ते. "मी माती उपसली ती पोरांना उपसावी लागू नये म्हणून," असं तुम्ही म्हणालात. पण बाबा, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेजात तुम्ही 'कमवा आणि शिका'वर शिकलात, हे मी शाळेत सगळ्यांना अभिमानाने सांगायचे. ही योजना चालवणाऱ्या कर्मवीर अण्णांचा, भाऊराव पाटलांचा, फोटो अजून आपल्या पुढच्या खोलीत आहे. शेतात काम करून जेवलेल्या मुलाला मान खाली घालावी लागू नये, म्हणूनच अण्णांनी ते उभं केलं ना? तुमचा मुलगा काउंटरवर उभा राहतो, याची लाज तुम्हाला वाटू नये, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या पगारातून त्याने आईसाठी चष्म्याची फ्रेम घेतलीय. दिवाळीला देणार आहे. आई, तू त्याच्यासमोर काही बोलू नकोस.

दुकान दहाला बंद होतं. बाबा, साडेदहानंतर त्याला एकदा फोन करा. इंटर्नशिपचा विषय नको, दुकानात आज काय झालं ते विचारा. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
थोरली