नाना, शिक्क्याची ती जागा कोरी ठेवलीत

नाना,

परवा आक्कानं नेमाड्यांची ‘कोसला’ संपवली, तुम्ही आमच्या वाचक मंडळाला मिळवून दिलेली. तोंडावर आभार मानले की तुम्ही “बरं, बरं” म्हणत चपला शोधायला लागता, म्हणून चारचौघांत लिहितेय. आता वाचावंच लागेल.

तुमच्याआधी पुस्तकांसाठी आम्ही कुणाकुणाचे उंबरे झिजवले, ते तुम्हाला ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा चोपड्याकडून आम्ही बायाही गेलो होतो. वाचन वाढलं पाहिजे, खेड्यात पुस्तक पोचलं पाहिजे, असं काय काय ऐकून भारावून परतलो आणि मंडळ काढलं. मग एकाच पुस्तकाच्या आठ प्रती मागायला एका मोठ्या ग्रंथालयात गेलो, तर साहेब मान वर न करता म्हणाले, “आठ कशाला? एक न्या, फिरवून वाचा.” दुसरीकडे अनामतीचा आकडा ऐकूनच दोघी माघारी वळल्या. एका दुकानदारानं आगाऊ पैसे घेतले. पुस्तकं अजून रस्त्यातच आहेत म्हणे!

बरं, पुस्तक कुठलं, यावर तरी आमचं एकमत होतं का? एकीला साने गुरुजी हवे, एकीला बहिणाबाई. पोरींना नेमाडे, कारण त्यांचं सांगवी यावल तालुक्यातलं, म्हणजे आमच्या शेजारचंच. त्यावर लगेच आमच्यातल्या शहाण्या बोलल्या, “जाड नको बाई, आक्काला कापसाच्या वेचणीतून कुठं होतंय?” आक्का समोरच बसलेली. तिला कुणी विचारलं नाही.

तुम्ही वादात पडलाच नाहीत. चहाचा कप खाली ठेवलात, तिच्याकडे वळलात आणि विचारलंत, “आक्का, तुमची वेचणी कधी आटोपते? आणि तुम्हाला काय वाचायचंय?”

आक्का म्हणाली, “मना पोऱ्या पुण्याले शे. त्या पांडुरंगनं तठे काय व्हयनं, माले वाचनं शे.”

झालं. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंगाची ही १९६३ सालची कादंबरी, ‘कोसला’, अशी एका वाक्यात ठरली. प्रती तुम्ही कुठून कुठून जमवल्यात देव जाणे. एकीला बाइंडिंग नव्हतं, एकीवर कुणा विद्यार्थ्यानं परीक्षेच्या खुणा केलेल्या. सात पुस्तकांच्या शेवटच्या कागदावर परतीच्या तारखेचा शिक्का होता. आक्काच्या पुस्तकावर नव्हता. राहिला वाटतं, असं मी म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, “राहिला नाही. वेचणी आटोपली की मीच येईन न्यायला.”

नाना, तिच्या घरी सगळ्याला तारीख असते. सोसायटीचा हप्ता, बियाण्याची उधारी, लाइटबिल, पोराच्या होस्टेलची फी. पाऊस मध्येच येऊन फुटलेलं बोंड भिजवतो, भाव पडतो, पण तारीख काही सरकत नाही. त्या बाईला कुणीतरी म्हणालं, तुमचं होईल तेव्हा द्या. घरी येऊन तिनं तो कोरा कागद मला दोनदा दाखवला. बाकी तुम्ही केलेलं सगळं मोठंच आहे, पण माझ्या मनात हेच घर करून बसलंय.

आणि तिनं वाचलं कसं! रात्री भाकऱ्या उरकून दोन-तीन पानं. देवीच्या आजारात पांडुरंगाची धाकटी बहीण मनी जाते, तिथं बरेच दिवस पुढंच सरकली नाही. बैठकीत आम्ही सगळ्या पांडुरंगाच्या बाजूच्या, त्याचं एकटेपण वगैरे. आक्का एकटी बापाच्या बाजूनं. “पैसा कुठून येतो, हे तो एकदा तरी विचारतो का?” पोरी तावातावानं भांडल्या. एवढी रंगलेली बैठक याआधी झाली नव्हती. तिच्या नावाखाली पातळ पुस्तक सुचवणाऱ्या त्या दिवशी ऐकत बसल्या होत्या, हेही तुम्हाला कळवायला हवंच.

माणसं वाईट नसतात, तुमचं हे नेहमीचं म्हणणं मला पुरतं पटत नाही. त्या साहेबांनी मान वर केली असती तर काय बिघडलं असतं? पण तुमच्यासारखं एखादं माणूस भेटलं की त्यांच्यावरचा राग निम्म्यावर येतो, एवढं कबूल.

पुढच्या पुस्तकाची निवड संक्रांतीनंतर आहे. बहिणाबाईंचा गट यंदा जोरात आहे. नाना आल्याशिवाय यादी करायची नाही, असं आक्कानं बजावलंय. भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या तिच्याकडेच आहेत. आठही पुस्तकं तेव्हाच न्या. सुट्या पानांच्या प्रतीला पोरींनी बाइंडिंग करून आणलंय.

तुमची,
मंडळातली एक वाचक
चोपडा तालुका