ट्रॅक्टर घेऊन आलेल्या त्या दोघांचे मनापासून आभार

नोव्हेंबर 2022च्या बर्फात आमच्या मदतीला धावून आलेल्या त्या दोन शेतकऱ्यांचे जाहीर आभार. त्यांना मराठी वाचता येणार नाही, पण आपल्या माणसांना हे कळायलाच हवं.

आम्ही अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या दक्षिणेला, गावाबाहेर राहतो. ईरी सरोवराच्या न गोठलेल्या पाण्यावरून थंड वारा वाफ उचलतो आणि काठच्या अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. त्या वेळी बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्क गावात सहा फुटांहून जास्त पडला. सरकारी प्लाउ, म्हणजे बर्फ ढकलणारी गाडी, रस्ता मोकळा करतो. घरापर्यंतची वाट ज्याची त्याने बघायची. शिवाय प्लाउ गेला की त्या वाटेच्या तोंडाशी घट्ट बर्फाचा बांध उभा राहतो. तिथे फावडं चालत नाही.

त्या दोघांनी ट्रॅक्टरच्या लोडरने, म्हणजे पुढच्या मोठ्या फावड्याने, तो बांध फोडला. घर गरम ठेवणाऱ्या प्रोपेन गॅसच्या टाकीपाशी मात्र ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरले आणि झडपेभोवतीचा बर्फ हातांनी काढला. म्हणून गॅसची गाडी पोचली, सासूबाई थंडीत कुडकुडल्या नाहीत. पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. पुढच्या घरी एक आजी एकट्या आहेत, एवढं बोलून निघाले.

कुणी त्यांना ओळखत असेल तर निरोप द्या: आमच्याकडे जेवायला यायचंच आहे.