बांबोळीत शिकलेले हात काणकोणातही चालायला हवेत

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

गोव्यात आज जवळजवळ प्रत्येक बाळ रुग्णालयात जन्माला येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक होते. त्यामागे एएनएम बाई (गावपातळीवरची परिचारिका), अंगणवाडी सेविका आणि १०८ वर राबणाऱ्यांचे कष्ट आहेत. पण बाई रुग्णालयात पोचली, एवढेच हा आकडा सांगतो. ती कितव्या दारातून आत आली आणि पहिल्या दारातल्या डॉक्टरला तिच्यासाठी काय करता आले, हे त्यात दिसत नाही. खोतीगावातल्या बाईला मडगाव गाठायचे तर वाटेत करमल घाट आहे. सत्तरी तालुक्याच्या आतल्या वाड्यावरून बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या (गोमेकॉच्या) रुग्णालयात, यायला रस्ता मोकळा असला तरी तासाहून जास्त वेळ जातो. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला, तर धडधाकट बाईसुद्धा दोनेक तासांत दगावू शकते. म्हणून वाळपई, पेडणे, काणकोण, कुडचडे अशा ठिकाणी भक्कमपणे उभा राहणारा स्त्रीरोगतज्ज्ञ घडवायला हवा. त्याची एक संधी नियमानेच दिली आहे, आणि ती पुरती वापरली जात नाही असे आमचे मत आहे.

२०२० साली आलेल्या नियमानुसार एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला तीन महिने जिल्हा पातळीवर काम करावे लागते. याला जिल्हा निवासी कार्यक्रम म्हणतात. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात हे तीन महिने येतात. स्त्रीरोग विभागातल्या पीजीसाठी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरसाठी, हा काळ सोन्यासारखा ठरू शकतो. पण त्या काळात नेमके काय शिकून परतायचे हे कोणी लिहून दिलेले नसेल, तर तो ओपीडी उरकण्यात आणि हजेरीपत्रकावर सह्या करण्यात संपतो.

मोठ्या रुग्णालयात शिकताना काही गोष्टी नजरेआडच राहतात. गोमेकॉत भूलतज्ज्ञ फोनच्या अंतरावर असतो, रक्तपेढी त्याच आवारात असते, वरिष्ठ चार पावलांवर असतात. तिथला पीजी अवघड सिझेरियन सफाईने करतो. पण रात्री दोन वाजता दोन परिचारिका, एक फ्रिज आणि एक रुग्णवाहिका एवढ्यावर काय करायचे, याचा सराव त्याला तिथे मिळणारच नाही. त्यात दोष त्याचा नाही, जागेचा आहे.

सर्वांत आधी रक्तस्राव घ्या. छोट्या केंद्रातली पहिली चूक मोजण्यात होते. डोळ्यांनी केलेला अंदाज कित्येकदा निम्म्यावर येतो, कारण रक्त चादरीत, कापसात आणि जमिनीवर विखुरलेले असते. उपाय साधा आहे. बाळ झाल्याबरोबर बाईच्या खाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी सरकवायची आणि भिजलेले पॅड वजनकाट्यावर ठेवायचे. कोरड्या पॅडचे वजन वजा केले की एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. ५०० मिलिलिटर भरले की वाट बघायची नाही. ३०० भरले आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडला, तरीही नाही. नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबाच्या आकड्याला गाठू लागला, की बाई बोलत असली तरी ती संकटात आहे, हे प्रत्येक पीजीच्या अंगात मुरले पाहिजे.

दुसरी चूक एकामागून एक उपाय करण्याची. आधी पोट चोळायचे, मग गर्भाशय आकसवणारे ऑक्सिटोसिन, त्याने थांबते का बघायचे, मग पुढचे. पाच गोष्टी एकाच वेळी व्हायला हव्यात: गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव आटोक्यात आणणारे ट्रानेक्सॅमिक ॲसिड, सलाईन, आणि मूत्राशय रिकामे करून वार पूर्ण पडली का, कुठे फाटले का हे तपासणे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत हीच पद्धत वापरून पाहिली गेली. पिशवीत मोजणे आणि एकत्र उपचार या दोन गोष्टींनी गंभीर रक्तस्राव सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ट्रानेक्सॅमिक ॲसिडचा डोस १ ग्रॅम, शिरेतून दहा मिनिटांत, आणि बाळंतपणापासून तीन तासांच्या आत. दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा उपयोग सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. म्हणून हे औषध पहिल्या केंद्रातच मिळाले पाहिजे, मडगावला पोचल्यावर नव्हे.

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात राहायला लागते. पावसाळ्यात आमच्या आतल्या भागात लाईट किती वेळा जाते हे वाचकांना सांगायला नको. फ्रिजच्या दारात पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवलेली, चार वेळा गरम-थंड झालेली कुपी टोचली आणि गर्भाशय आकसले नाही, तर डॉक्टर औषधाला बोल लावतो. प्रशिक्षणार्थीने केंद्रात पाऊल टाकल्यावर सर्वांत आधी फ्रिजचा तापमान-तक्ता वाचावा. लाईटचा भरवसा नसेल तिथे फ्रिज न लागणाऱ्या, जिभेखाली देण्याच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, ८०० मायक्रोग्रॅम, हाताशी असाव्यात.

एवढ्यानेही थांबले नाही, तर कंडोम-कॅथेटर, म्हणजे गर्भाशयाला आतून दाबून रक्त थांबवणारा फुगा. बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी रूढ केलेली ही युक्ती शंभर रुपयांच्या आसपासच्या सामानात होते. फोलीच्या (लघवीसाठीच्या) रबरी नळीवर कंडोम चढवायचा, दोऱ्याने बांधायचा, गर्भाशयात सरकवायचा आणि २५० ते ५०० मिलिलिटर सलाईन भरायचे. ऐकायला सोपे आहे, पण फसते ते गाठीपाशी. गाठ सैल पडली तर सलाईन गळते, फार आवळली तर नळीच दबते आणि फुगा भरत नाही. फुगा खाली योनिमार्गात घसरू नये म्हणून गॉजची पट्टी लावावी लागते. ही गाठ आधी वीस वेळा रिकाम्या बाटलीत बांधून पाहिलेली असावी. रक्त वाहत असताना ती पहिल्यांदा बांधायची वेळ कोणावर येऊ नये.

झटक्यांचेही तसेच आहे. गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाने झटके आले, तर मॅग्नेशियम सल्फेट हे औषध सर्वांना पाठ असते, पण त्याचे गणित रात्री चुकते. नेहमी मिळणारी कुपी २ मिलिलिटरची, ५० टक्के द्रावणाची. म्हणजे एका कुपीत १ ग्रॅम. शिरेतून ४ ग्रॅम द्यायचे, तर चार कुप्यांच्या ८ मिलिलिटरमध्ये १२ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घालून ते २० टक्के करायचे आणि निदान पाच मिनिटे लावून हळू द्यायचे. मग दोन्ही कुल्ल्यांत खोलवर पाच-पाच ग्रॅम, न पातळ करता. एकूण १४ कुप्या झाल्या. चार तासांनंतरच्या डोसला आणखी पाच. लेबर रूमच्या ट्रेमध्ये बहुधा सहा कुप्या ठेवलेल्या असतात, आणि बाकीच्या स्टोअरला कुलूप. ट्रेमध्ये वीस कुप्या, औषध जास्त झाल्यास उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची दहा मिलिलिटरची कुपी आणि पातळ करण्याचे गणित लिहिलेला पुठ्ठा, एवढे पीजीने रोज सकाळी मोजावे. पुढचा डोस देण्यापूर्वी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे का, आणि चार तासांत निदान १०० मिलिलिटर लघवी झाली का.

सुरुवातीला सांगितलेल्या सर्वेक्षणात गोव्यातील सिझेरियनचे प्रमाण ३९ टक्क्यांच्या वर होते. त्याची कारणे अनेक आहेत, पण एक आमच्या हातातले आहे: व्हॅक्यूम लावून, म्हणजे बाळाच्या डोक्याला कप चिकटवून, बाळ ओढून काढण्याचे कसब कमी होत चालले आहे. भूलतज्ज्ञ नसलेल्या केंद्रात, गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडलेले, डोके खाली उतरलेले आणि बाळाचे ठोके मंदावलेले, अशा वेळी तेच बाळाला वाचवते. कपाचा मध्य मागच्या टाळूच्या पुढे सुमारे ३ सेंटिमीटरवर, कवटीच्या मधल्या सांध्यावर यावा. नवखे हात तो पुढच्या टाळूकडे लावतात. मग डोके वर उचलले जाते, ओढ वाया जाते आणि कप सुटतो. तीन ओढींत बाळ पुढे सरकले नाही, तर थांबायचे. थांबणे हेही शिकवावे लागते. या तीन महिन्यांत प्रत्येकाने वरिष्ठांच्या नजरेखाली निदान दहा व्हॅक्यूम आणि तीन वेळा हाताने वार काढणे करावे, असे आम्ही सुचवतो. आकडा आमचा आहे, नियमातला नाही.

आता बाई पुढे पाठवण्याविषयी. पाठवणे म्हणजे हात झटकणे नव्हे. तोही एक उपचार आहे आणि त्याचाही क्रम आहे. शिरेत दोन जाड कॅन्युला (सलाईनच्या नळ्या), शक्यतो १६ नंबरच्या. लघवीची नळी. बाई डाव्या कुशीवर. रक्तगटासाठीची नळी तिच्याबरोबरच. कागदावर प्रत्येक इंजेक्शनचा डोस आणि घड्याळातली वेळ. गाडी सुटण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयातल्या डॉक्टरशी फोनवर दोन मिनिटे, म्हणजे तिथे रक्त आणि टेबल तयार राहते. बरोबर लेबर रूमची परिचारिका, नुसता नातेवाईक नव्हे. बिघडते ते एका दारातून दुसऱ्या दारात जाण्यात. प्राथमिक आरोग्य केंद्र, मग समुदाय आरोग्य केंद्र, मग मडगाव किंवा म्हापशाचे जिल्हा रुग्णालय, मग बांबोळी. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवी तपासणी आणि अर्धा तास. कोणती बाई मधले दार टाळून थेट पाठवायची, याचा निर्णय घेण्याचा अधिकार आणि सराव, दोन्ही त्या पीजीला मिळाले पाहिजेत.

उपेक्षित म्हटले की आपल्याला डोंगरातले वाडे आठवतात. झुआरीनगर, वेर्ण्याची औद्योगिक वसाहत आणि बांधकामांवरच्या झोपड्यांतल्या बायकाही तितक्याच दूर आहेत. शेवटची पाळी कधी आली, या प्रश्नाला तारीख मिळत नाही. कर्नाटकातून आलेल्या बायकांकडून उगादी किंवा यल्लम्माच्या जत्रेच्या आगेमागे असे उत्तर येते, आमच्या गावडा आणि वेळीप आदिवासींत शिगमा किंवा चवथ. सण आणि जत्रांच्या तारखांचा तक्ता टेबलावर असला, तर आठवडे बऱ्यापैकी बसतात; तरीही पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी होईल हे पाहावे, कारण आठव्या महिन्यात सोनोग्राफीचा दिनांक दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकतो. गरोदरपणाचे कार्ड गावी राहिलेले असते, आणि बाई बाळंतपणाला माहेरी विजापूर-कलबुर्गीकडे निघालेली असते. तिच्या हातात एक पानाचा गोषवारा द्यावा: हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तदाब, आधीचे सिझेरियन. लोहाच्या गोळ्या घेते का, एवढे विचारून भागत नाही. चहाबरोबर घेते का, हेही विचारावे. चहाने लोह नीट शोषले जात नाही. आणि सत्तरीत काजूच्या हंगामात बागायतीतून आलेल्या गरोदर बाईला ताप असेल, तर गोचिडींतून होणारा माकडतापही डोक्यात असावा. २०१५ पासून तो तिथे आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही याच काळात हातात बसावी. गर्भाशयमुखावर तीन ते पाच टक्के ॲसेटिक ॲसिड लावणे, एक मिनिट थांबणे आणि चांगला उजेड. मिनिट पुरे होण्याआधी बघितले तर संशयाचा पांढरा डाग दिसायचा राहतो. पाळी गेलेल्या बाईत ही तपासणी भरवशाची नाही, तिथे या कर्करोगामागच्या विषाणूची (एचपीव्ही) चाचणी हवी.

अडचणी आम्हांला ठाऊक आहेत. २०२३ च्या नियमाप्रमाणे हे तीन महिने निदान ५० खाटांच्या सरकारी रुग्णालयात व्हावे लागतात, आणि समुदाय केंद्र सहसा ३० खाटांचे असते. म्हणून नेमणूक मडगाव, म्हापसा किंवा फोंड्याला ठेवून, तिथल्या वरिष्ठांबरोबर आठवड्याचे दोन ठरलेले दिवस काणकोण किंवा वाळपईला जावे. ठरलेला वार लोकांच्या तोंडी होतो, मग बायका येतात. दुसरी अडचण गोमेकॉतल्या मनुष्यबळाची. सगळे पीजी एकदम न पाठवता आलटून पालटून पाठवले, तर विभाग ओस पडत नाही, आणि खाली नीट सांभाळलेली प्रत्येक बाई ही बांबोळीच्या लेबर रूममधली एक मोकळी खाट असते.

एक गोष्ट तर पैशांशिवाय उद्यापासून सुरू करता येईल. खालून पाठवलेल्या प्रत्येक बाईबद्दल बांबोळीहून ४८ तासांच्या आत पाठवणाऱ्या केंद्राला चार ओळी परत जाव्यात: निदान काय निघाले, काय केले, आई आणि बाळ कसे आहेत, आणि खाली काय वेगळे करता आले असते. ती चिठ्ठी त्या पीजीने आणि लेबर रूमच्या परिचारिकांनी एकत्र बसून वाचावी.

आपले,
प्रसूती व स्त्रीरोगशास्त्र शिकवणारे काही डॉक्टर,
फोंडा-गोवा