आई-बाबा, पिकअप घेतली आहे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आई, तू हे स्वतः वाचू नकोस, डोळ्याला ताण पडेल. ताईला वाचून दाखवायला सांग. बाबा, तुम्ही मात्र स्वतः वाचा, शेवटपर्यंत. फोनवर तुम्ही 'बरं' म्हणता आणि फोन आईच्या हातात देता, म्हणून लिहायला बसलो.

मी पिकअप घेतली. २०१८ ची, बीएस-४, अडीच लिटरचं चार सिलिंडर डिझेल इंजिन, ४ लाख ६० हजारांना. पैसे देऊन झाले, गाडी गोठ्यापाशी उभी आहे. आधी विचारायला हवं होतं. आईच्या ऑपरेशनच्या गडबडीत तुम्हाला घोर नको, असं मी मनाशी म्हणत राहिलो. पण टेम्पोच्या त्या वर्षाची आठवण निघाली असती आणि तुम्ही ताटावरून उठला असतात, हीच खरी भीती होती.

तेव्हा आपण रंग आणि टायर बघून गाडी आणली होती. ह्या वेळी मी सकाळी सहाला गेलो, 'आधी चालू करू नका' असं मालकाला बजावून, आणि बॉनेटवर हात ठेवून गार आहे का ते बघितलं. गरम करून ठेवलेली गाडी कशीही उचलते. सेल मारल्यावर पांढरा धूर आला आणि अर्ध्या मिनिटात गेला. ते हीटर प्लगचं लक्षण. चारातले दोन जळालेले निघाले, किरकोळ काम. निळा धूर असता तर ऑईल जळतंय, म्हणजे रिंगा, व्हॉल्व्हचे सील नाहीतर टर्बो, आणि मी तिथूनच माघारी फिरलो असतो. ऑईल भरायचं झाकण इंजिन चालू असताना काढून बघितलं, आतून धुराचा भपका नाही. झाकणाखाली दुधट फेस नाही, रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नाही, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. मग हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं, ते चालूच राहिलं. क्लच संपलेला. तेवढ्या एका गोष्टीवर ३० हजार उतरले.

चासी मी खाली झोपून, टॉर्च लावून बघितली, विशेषतः मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरपाशी. जास्त माल भरलेली गाडी तिथेच तडकते आणि वेल्डिंग करून वर काळा रंग मारलेला असतो. इथे वेल्डिंग नाही. कागद ठेवून पेन्सिल घासून चासी नंबर उतरवला आणि आरसीशी एकेक आकडा जुळवला. पण मागे एक जादा पाटा घातलेला होता, म्हणजे आधीच्या मालकानं भार जास्त घेतलाय हे उघड आहे. तो पाटा काढून टाकला, पाटे झोडून घेतले, बुश आणि यू-बोल्ट नवे घातले. जादा पाटा घातला की गाडी बसत नाही एवढंच. अॅक्सल, बेअरिंग आणि ब्रेक मात्र होते तेवढेच राहतात. हे तुम्हीच मला सांगितलं होतं, बाबा. माल भरून पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत, नवे बोल्ट थोडे सैल पडतात.

क्लचसाठी गिअरबॉक्स खाली घेतला तेव्हा प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग तर बदललंच, शिवाय क्रँकचा मागचा ऑईल सीलही बदलून घेतला. सील किरकोळ किमतीचा, पण उद्या तो गळायला लागला तर नवी प्लेट ऑईलनं खराब होते आणि गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पुन्हा पडते. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर पाझरत होते. दोन्ही बदलले, लायनर नवे, ब्रेक ऑईल पूर्ण काढून नवीन भरलं. अल्टरनेटरच्या मागच्या व्हॅक्युम पंपाचा पाइप चिरला होता, त्यानं ब्रेक पेडल कडक लागत होतं. तो बदलल्यावर पाय अलगद बसतो. मागचे दोन टायर नवे. पुढचे ठेवलेत, त्यांच्यावर ३५२३ कोरलेलं आहे, म्हणजे २०२३ च्या ३५ व्या आठवड्यातले, अजून चालतील.

आता बाबा, इंजिनाबद्दल एक गोष्ट नीट ऐका. हे कॉमन रेल आहे, म्हणजे चारही इंजेक्टरना एकाच जाड नळीतून, रेलमधून, दाबाखालचं डिझेल मिळतं. टेम्पोला मिसिंग आलं की तुम्ही इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा नट सैल करायचात आणि कुठला सिलिंडर मेलाय ते आवाजावरून ओळखायचात. ते कसब तुमच्याइतकं कुणाकडे मी बघितलं नाही. पण ह्या गाडीला तसा हात लावायचा नाही. रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो, नटाखालून निघालेली डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येते. ह्यात इंजेक्टर तपासायचा तो परतीच्या डिझेलवरून: चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, ज्याची बाटली लवकर भरते तो आतून गळतोय. तिसरा गळत होता. तो नवा घालून त्याचा कोड ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरून घेतला, तांब्याचे वॉशर चारही नवे. जुने वॉशर पुन्हा घातले तर बुडाशी गॅस फुटतो आणि इंजेक्टर हेडमध्ये जाम होतो.

डिझेल नेहमीच्या एकाच पंपावर, टाकी पावच्या खाली नाही. इंजिनावरच्या डिझेल पंपाला वंगण म्हणजे खुद्द डिझेलच, पाणी किंवा हवा गेली की महागात पडतं. दर रविवारी फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सोडून पाणी काढायचं, ते काम मी तुमच्यासाठी ठेवलंय. स्टुलावर बसून करा, उकिडवं नाही.

दुरुस्तीला सगळे मिळून ६९,३०० लागले. वरच्या खोलीचे पैसे त्यात गेले, हे लिहिताना हात अडखळतोय. स्लॅब दिवाळीनंतर टाकू. आईचा ओटा आणि न्हाणीघरातल्या फरशीचं काम थांबवलेलं नाही, तुम्ही याल तेव्हा झालेलं असेल. फरशी खरखरीत घेतली आहे, आणि भिंतीला धरायला दांडी लावली आहे. आई, तुझ्या पाटल्यांना हात लावलेला नाही. त्यांचा विचारही मनात आणला नाही.

दरवर्षी टोमॅटोचं भाडं आपण दुसऱ्याला देतो, आणि तोडा झाला तरी गाडीची वाट बघत क्रेट बांधावर पडून राहतात. आता आपली पट्टी, आपली गाडी. माल नारायणगावच्या मार्केटलाच, वाशीला क्वचित. आणि ५५ क्रेटच. एक भरलेलं क्रेट २२ किलो धरलं तर १,२१० किलो होतात. आपल्या गाडीची क्षमता १,३०० ची आहे. लोक नव्वद भरतात, मी भरणार नाही. पावसाळ्यात रात्रीचा माळशेज नाही. चढ संपल्यावर लगेच चावी बंद करायची नाही, मिनिटभर चालू ठेवून टर्बो निववायचा. उतारावर ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. हे तुमचेच शब्द.

कागदांची काळजी नको. बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात घेतल्याशिवाय उरलेली रक्कम दिली नाही, गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरलेत, जुने चलन बाकी नाही. विमा १४ दिवसांच्या आत नावावर करायचा असतो, तो केला, मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्यासकट. आठ वर्षं पुरी होतायत, म्हणजे आता पासिंग दरवर्षी. आणि बाबा, मालासकट एकूण ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला माझं साधं लायसन्स चालतं, सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा तेच सांगितलंय.

गाडी उंच आहे, म्हणून डाव्या बाजूला खाली जादा पायरी आणि धरायला हँडल बसवून घेतलं. बाबांचा गुडघा फार वाकवावा लागणार नाही. सीटमध्ये नवा फोम आहे, काच वर-खाली होते. आईला गाडी लागते, तिच्यासाठी खिडकीकडची जागा आणि डब्यात आवळासुपारी. लहानपणी टेम्पोत तुमच्या मांडीवर झोपून मी घरी यायचो, बाबा, डिझेलच्या वासातच. तो वास अजून मला घरचा वाटतो.

आई, थेंब दिवसातून जितक्या वेळा सांगितलेत तितक्या वेळा, हात धुऊन. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, डोळा चोळायचा नाही, वाकून केर काढायचा नाही. बाबा, बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून सोडायची नाही. ताईला मी विचारणार आहे.

टेम्पोच्या हत्यारांची पेटी माळ्यावर तशीच आहे, कुलपासकट. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि शॅकल ह्यांना ग्रीस मारायचंय आणि ग्रीस गन त्या पेटीत आहे. नवी आणता आली असती, आणली नाही. कुलूपही तोडलं नाही. येताना किल्ली आणा.

तुमचा
बाळू