'नव्वद नंबर'चे तेल दोन्हीकडे नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तरी खासगी पद्मिनी, अॅम्बेसेडर आणि जुन्या जीप आजही अनेक घरांत निगुतीने सांभाळल्या जातात. त्यांच्या रंगकामावर आणि क्रोमवर हौसेने खर्च होतो, पण गिअरबॉक्समध्ये आणि मागच्या एक्सलमध्ये कोणते तेल पडते, याची चौकशी फारसे कोणी करत नाही. 'नव्वद नंबर टाका' एवढे सांगितले की एकाच डब्यातून दोन्हीकडे तेल भरले जाते. ही पद्धत थांबावी, म्हणून हे पत्र.

नव्वद हा आकडा फक्त तेलाचा दाटपणा सांगतो. इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी असल्यामुळे ९० नंबरचे गिअर ऑइल प्रत्यक्षात साधारण ४० किंवा ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकेच दाट असते. तेल कोणत्या कामाचे आहे, हे डब्यावरील एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या वर्गावरून, म्हणजे जीएल-४ किंवा जीएल-५ या खुणेवरून कळते, आणि नेमकी तीच खूण वाचली जात नाही.

मागच्या एक्सलमधील हायपॉइड डिफरन्शियलमध्ये, म्हणजे चाकांना शक्ती पोचवणाऱ्या दातेरी चाकांच्या संचात, पिनियनचा (लहान दातेरी चाकाचा) आस क्राउन व्हीलच्या (मोठ्या दातेरी चाकाच्या) मध्यापासून बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, तर मोठ्या दाबाखाली घासत सरकतात आणि तेलाचा थर तुटू लागतो. अशा वेळी तेलातील गंधक व फॉस्फरसची संयुगे तापलेल्या पोलादाशी संयोग पावून दात्यांवर संरक्षक थर तयार करतात. जीएल-५ मध्ये ही द्रव्ये जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात, म्हणून हायपॉइड एक्सलला जीएल-५ च हवे.

मात्र जुन्या गिअरबॉक्समध्ये अनेकदा पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना फिरत्या भागांचा वेग जुळवणारी कडी) आणि ब्राँझचे बुश (आसाभोवतीच्या नळ्या) असतात. तेल तापले की हेच क्रियाशील गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना खाऊ लागते. शिवाय सिंक्रो रिंगचे काम घर्षणावर चालते. तेल फार निसरडे असेल तर रिंग गिअरवरच्या शंकूच्या आकाराच्या भागाला वेळेवर धरत नाही आणि गिअर बदलताना खरखर होते. काढलेले तेल उन्हात धरून पाहावे: त्यात सोनेरी चमक दिसली आणि ते कण चुंबकाला चिकटले नाहीत, तर झीज पितळेची आहे. तांब्याला अपाय न करणारी काही नवी जीएल-५ तेले मिळतात, हे खरे. पण त्यांनी निसरडेपणाचा प्रश्न सुटेलच असे नाही.

शेवटचा शब्द गाडीच्या मूळ पुस्तिकेचा मानावा. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्सला तर गिअर ऑइल नव्हे, २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल लागते. एक्सलला मात्र हायपॉइड तेलच.

तेल कंपन्यांनी डब्यावर 'गिअरबॉक्ससाठी' की 'हायपॉइड डिफरन्शियलसाठी', हे ठळक मराठीत छापावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मालकांनीही डबा स्वतः वाचून मगच उघडू द्यावा. आणि जुने तेल सोडण्यापूर्वी वरचा भरण्याचा बोल्ट सैल होतो ना, हे आधी तपासावे. तो गंजून अडकलेला असेल आणि खालचे तेल निघून गेलेले असेल, तर गाडी जागची हलवता येत नाही.

आपला,
एक वाचक, पुणे