सालामान्काच्या आजीला, मनापासून

प्रिय आजी,

आधीच सांगते, मी तुला तू म्हणतेय. तिकडे सुरुवातीला मी तुला 'उस्तेद' म्हणायचे, म्हणजे आपलं तुम्ही, तर तू हात झटकून म्हणालीस उस्तेद डॉक्टरला म्हण, मला 'तू'च म्हण. स्पॅनिशमधलं तू आणि मराठीतलं तू अगदी एकच आहे, आणि आमच्याकडे आजीला तूच म्हणतात, त्यामुळे प्रश्नच मिटला. हे पत्र मराठीत लिहितेय कारण स्पॅनिशमध्ये मी 'ग्राथियास', म्हणजे धन्यवाद, म्हटलं की तू पुढचं काही बोलूच देत नाहीस, "दे नादा, इखा", काही नाही गं पोरी, म्हणून विषय संपवतेस. इथे मला सगळं बोलता येईल. रविवारी फोनवर वाचून दाखवीन, मध्ये थांबवायचं नाही.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मी नाशिकहून स्पेनमध्ये सालामान्काला मास्टर्ससाठी गेले. डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची बी-टू पातळी पास होऊन गेले होते, व्याकरण पाठ होतं, आणि तरीही चौथ्या दिवशी एका फ्रुतेरियात, म्हणजे फळं-भाजीच्या दुकानात, वीसेक मिनिटं नुसती उभी होते. कारण तिथे रांगच दिसेना, कोणी टोमॅटो बघतंय, कोणी दारात गप्पा मारतंय, आणि माझ्यानंतर आलेल्या बायका पिशव्या भरून निघून जातायत. मला वाटलं मी परकी म्हणून मला मुद्दाम डावलतायत, डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. तेवढ्यात तू माझ्या दंडाला हात लावलास आणि सांगितलंस की आत आल्यावर विचारायचं, "किएन एस ला उल्तिमा?", शेवटची कोण? जी हात वर करेल तिच्यामागे आपला नंबर, मग कुठेही उभं राहा, आणि नवीन कोणी आलं की आपण सांगायचं, मी. मग तू म्हणालीस, चल विचार. मी विचारलं. तू हात वर केलास, "यो."

त्या दिवशी मी अर्धा किलो टोमॅटो आणि दोन कांदे घेतले. फळांना आपण हात लावायचा नाही, दुकानदारीण देईल, हेही तूच हळूच सांगितलंस. ती उल्तिमा मी मग सगळीकडे विचारली, बेकरीत, दवाखान्यात, आणि दर वेळी कोणीतरी हात वर केला.

त्या वेळी मी जिथे राहत होते ती रूम भारतातून ऑनलाइन ठरवली होती. फोटोत हीटर होता, प्रत्यक्षात नव्हता, आणि मालक एम्पाद्रोनामिएंतोला तयार नव्हता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही नगरपालिकेत होणारी पत्त्याची नोंद, आणि तिए कार्डासाठी, म्हणजे परदेशी माणसाच्या तिथल्या ओळखपत्रासाठी, माझ्याकडे ती मागितली होती. देशात पाऊल ठेवल्यापासून एका महिन्यात तिएचा अर्ज करावा लागतो, माझे वीस दिवस संपलेले. तुला मी हे फक्त सांगितलं होतं, मदत मागितली नव्हती. तू दुसऱ्या दिवशी म्हणालीस मुलाची खोली रिकामी आहे, ये बघायला. आणि मग नगरपालिकेत माझ्याबरोबर आलीस, स्वतःचं ओळखपत्र काढून सही केलीस, खुर्चीतला माणूस काहीतरी भरभर बोलला ते मला समजलं नाही तर त्याला म्हणालीस, सावकाश बोला, मुलीला भाषा येते. आजी, त्या वाक्यावर मी वर्ष काढलं. तोवर मलाच वाटायला लागलं होतं की मला काही येत नाही.

हिवाळा आला. सालामान्का आठशे मीटर उंचीवर, रात्री पारा शून्याखाली जायचा आणि नाशिकच्या थंडीत वाढलेली मी तिथे हातमोजे घालून अभ्यास करायचे. तू मला मेसा कामियाशी बसवलंस. गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत जाड कापड, आणि खाली ब्रासेरो, म्हणजे शेगडीच, तुझ्या आईच्या वेळी कोळशाची आणि आता विजेची. कापड मांडीवर ओढून घेतलं की पाय उबदार. माझा अर्धा थीसिस तिथेच लिहिलाय.

आणि तिथेच तू लेन्तेखास निवडायचीस. ला आर्मुन्याची मसूर, शहराच्या उत्तरेला पिकते, आपल्या मसुरीपेक्षा मोठी आणि फिकट हिरवट. तू मूठभर दाणे मेणकापडावर पसरायचीस, तर्जनीने चारचार दाणे स्वतःकडे ओढायचीस, खडा दिसला की नखाने बाजूला, आणि चांगले दाणे टेबलाच्या कडेवरून मांडीतल्या भांड्यात. टक टक टक आवाज. माझी आजी ताटात अशीच डाळ निवडायची, डोळे दाण्यांवर आणि तोंडाने भलत्याच गोष्टी. ती गेल्याला सहा वर्षं झाली. मी तुला तेव्हा हे सांगितलं नाही, उठून पाणी प्यायला गेले. आज सांगतेय.

मी मांस खात नाही म्हटल्यावर तू चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, वेगळ्या कढईत करायला लागलीस आणि माझ्या वाट्याच्या मसुरीत फक्त लॉरेलचं पान (आपल्या तमालपत्रासारखं), लसूण, पिमेन्तोन म्हणजे तिकडची लाल मिरची पूड. एकदा मी त्यावर जिऱ्याची फोडणी दिली तर तू चमचा चाटून म्हणालीस, हे पुढच्या वेळीपण. एप्रिलमध्ये लुनेस दे आग्वास या सोमवारच्या सणाला सगळं गाव तोर्मेस नदीकाठी ओर्नासो, म्हणजे सारण भरलेला भाजलेला पाव, खायला जातं, त्यात आत सगळं मांसच असतं, तर तू माझ्यासाठी हाताएवढा वेगळा भाजलास, आत अंडं आणि भाजलेली सिमला मिरची, वर पिठाची नक्षी तशीच.

विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरचा बेडूक पण आठवतो. १२१८ सालचं विद्यापीठ, कोरीवकामाने भरलेली ती भिंत, आणि म्हणतात की कोणाच्या मदतीशिवाय बेडूक सापडला की पास. सगळे मित्र बोट दाखवायला तयार होते. तू नाही दाखवलास. समोरच्या फ्राय लुईस या जुन्या कवी-प्राध्यापकाच्या पुतळ्यापाशी थंडीत उभी राहिलीस, मी शोधून शोधून कवटीवर बसलेला तो दिसेपर्यंत, आणि एकदाही "वर बघ" म्हणाली नाहीस.

जुलैत निघताना तू बॅगेत एक किलो मसूर कोंबलीस. तेवीस किलोची लिमिट होती, मी दोन पुस्तकं काढली. परवा आईने पाकीट फोडलं, सवयीने ताटात घेऊन निवडायला बसली, एक खडा सापडला. तू विचारलं होतंस ना, तिकडच्या पाण्यात शिजतील का. शिजतात. कुकर लावला, मऊ झाली, आईने अर्धीच केली, अर्धी दिवाळीसाठी ठेवलीय.

रविवारी तुझे पाच वाजले की, म्हणजे आमच्या साडेआठला, फोन करते. झोप काढून उठलेली अस.

तुझी,
मुलाच्या खोलीतली नाशिकची पोर