टॅबमध्ये घराची ताकदही नोंदवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यात आधी आरोग्यसेविका आणि नंतर आरोग्य सहाय्यिका म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे. गावोगावच्या सिस्टर आणि आशाताईंच्या हातातल्या मोबाइल-टॅबबद्दल लिहायचे आहे. त्यांच्यामुळे रजिस्टरांचे गठ्ठे कमी झाले याचा मला आनंदच आहे. पण त्या टॅबला माणूस दिसतो, घर दिसत नाही.

तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका जोखणारी प्रश्नावली, भरला जातो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का, असे विचारून गुण दिले जातात. गुण चारच्या वर गेले की त्या माणसाची तपासणी आधी. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते का, हेसुद्धा त्यात विचारतात, आणि ते फार चांगले आहे. मात्र हे सगळे एकेकट्याचे झाले. आजारपण आले, पीक गेले, कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, तर हे घर तग धरेल का, यासाठी त्यात एकही रकाना नाही.

माझ्या शेवटच्या उपकेंद्रात एकाच गल्लीत दोन घरे होती. दोन्हीकडे नवऱ्याला अर्धांगवायू, दोन्हीकडे तीन-चार एकर कोरडवाहू शेती. नोंदही सारखीच होती : ‘उच्च रक्तदाब, पाठपुरावा सुरू’. एका घरी दीर शेत पाहायचा, बचत गटातल्या बायका पाळीपाळीने येऊन बसायच्या, सासू गोळ्या मोजून द्यायची. दुसऱ्या घरातली बाई एकटी. भाऊबंदकीमुळे सासरचे बोलत नव्हते, मजुरीला गेल्याशिवाय चूल पेटत नव्हती. तिच्या नवऱ्याच्या गोळ्या दोनदा बंद पडल्या. आम्ही ‘रुग्ण औषध घेत नाही’ असे लिहिले. खरे तर औषध आणायला जाणारे कोणी नव्हते. हे मला कळले ते गृहभेटीत पाणी पिऊन दहा मिनिटे टेकले तेव्हा. माझी बदली झाली आणि ही माहिती माझ्याबरोबर गेली. नव्या सिस्टरला ती कोण सांगणार?

इथेच डिजिटल साधनाचा खरा उपयोग आहे. घराची ताकद जोखणाऱ्या प्रश्नावल्या जगभरच्या परिचारिकांनी वापरलेल्या आहेत. १९७८ साली आलेली ‘फॅमिली अपगार’ ही फक्त पाच प्रश्नांची आणि दहा गुणांची चाचणी आहे. पण तिचे शब्दशः भाषांतर टॅबमध्ये घालून आपले काम होणार नाही. संकटात तग धरायच्या घराच्या ताकदीला ‘कौटुंबिक लवचिकता’ म्हटले तर आमच्या गावात कोणाला काय समजणार? रात्री-बेरात्री काही झाले तर पहिला फोन कोणाला कराल? मागे पीक गेले तेव्हा घर कसे चालवले? मोठा निर्णय घ्यायचा तर कोण-कोण बसता? औषध संपले की आणायला कोण जाते? असे विचारा, माणसे भरभरून बोलतात.

बोलतात, पण सगळ्यांसमोर नाही. सासू दारात उभी असताना सुनेला विचारले की उत्तर ठरलेले : ‘सगळं चांगलं हाय.’ म्हणून ‘एकटीशी बोलता आले नाही’ हा पर्याय त्या फॉर्ममध्ये असलाच पाहिजे. तो नसेल तर घाबरलेली सून सुखी म्हणून नोंदली जाईल, आणि संगणकावर ते घर मजबूत दिसेल.

दुसरी भीती गुणांची. एखाद्या घराला चांगले गुण मिळाले म्हणून त्याची मदत कोणी कापू नये. आधार देणारा दीर उद्या पुण्याला कामाला निघून गेला की तेच घर उघडे पडते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे तर सहा महिने इथे, सहा महिने फडावर. त्यामुळे एकदा भरला आणि संपला असा हा फॉर्म नको. दर हंगामात पुन्हा विचारावे लागेल. आणि घरातली भांडणे, कर्ज, दारू या गोष्टी गावच्या ग्रुपवर किंवा बैठकीतल्या पडद्यावर कधीच येता कामा नयेत. सिस्टरवरचा विश्वास एकदा उडाला की दार पुन्हा उघडत नाही.

नोंद झाल्यावर पुढे काय, तेही ठरलेले हवे. शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशाताईंनी घरोघर जाऊन मनाच्या त्रासाची विचारपूस केली आहे. मनाच्या त्रासासाठी फोनवर सल्ला देणाऱ्या सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ क्रमांक २०२२ पासून चालू आहे. खचलेले घर दिसले की समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने किती दिवसांत भेट द्यायची, हे टॅबनेच आठवण करून सांगावे.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की असा फॉर्म करण्याआधी दोन-चार उपकेंद्रांतल्या सिस्टर आणि आशाताईंना समोर बसवा. तो रेंज नसतानाही भरता आला पाहिजे. आणि जितके प्रश्न नवे घालाल, तितके जुने काढा. मैदानी भागात एका उपकेंद्राकडे पाच हजार लोकसंख्या असते. एका घरात दहा मिनिटे टेकायचे तर सिस्टरला ती दहा मिनिटे कुठून तरी मिळायला हवीत.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका, जि. यवतमाळ